व्हॉल्व्ह तापेपर्यंत
डाख देताना निघणाऱ्या राळेच्या धुराचा वास आला की चिंचवडचं आमचं घर आठवतं. वडिलांनी जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्वतः जोडला होता. शिफ्ट संपवून आले की गाणी ऐकायला ते तो लावायचे, आणि व्हॉल्व्ह तापून आवाज येईपर्यंत मला विचारायचे, "आज काय झालं गं?" पुढे मी पिंपरीतल्या कंपनीत ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर जोडू लागले आणि त्यातलाच एक हौसेने घरी आणला. बटण दाबताच गाणं लागलं. वडील डोळे मिटून ऐकत राहिले. "आवाज लई साफ हाय," ते म्हणाले, "तुझ्या हातचा हाय, आता ह्योच लावू." जुना त्यांनी माळ्यावर ठेवला. त्यानंतर ते आले की लगेच गाणं सुरू व्हायचं, आणि ते विचारणं राहूनच गेलं. तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. आता त्यांना सांगायला माझ्याजवळ पुष्कळ साठलंय.