पाटीवर वाढवलेला एक तास

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात शिरलं की आधी चर्चचा बुटका मनोरा दिसतो, मग समुद्र. चर्च व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, काळ्या गारगोटीच्या भिंतींचं. आवारात डाव्या हाताला बुडालेल्या खलाशांच्या कबरी आहेत. बऱ्याच दगडांवर नाव नाही, नुसता महिना आणि साल. त्यापलीकडे कोळ्यांच्या विधवांसाठी बांधलेली सहा बैठी घरं. खाली लाइफबोटीची शेड, तिथं आता कॅफे आहे. आणि तिथूनच समुद्रात जाते ती दगडी वाट. ओहोटीला ती उघडी पडते आणि टोकाच्या खडकापर्यंत चालत जाता येतं. खडकावर लोखंडी क्रूस आहे. भरती आली की क्रूस तेवढा वर राहतो.

वाटेच्या तोंडाशी एक पाटी टांगलेली असते. खरीखुरी दगडी पाटी, मी लहानपणी बालवाडीत गिरवली तसली, फक्त दाराएवढी. दीडशे वर्षांपूर्वी शिंपले वेचायला गेलेल्या बायका भरतीत सापडल्या, तेव्हाच्या पाद्र्यानं ही पाटी लावली. रोज सकाळी तिच्यावर खडूनं लिहायचं: वाट किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत सुरक्षित. आठवड्याला एक घर. ज्या घरानं लिहायचं त्यानंच संध्याकाळी पुसायचं. मोबाईल आले तरी पाटी गेली नाही. गावातले लोक ॲप बघत नाहीत, पाटी बघतात.

त्या यादीत आमचं घर यायला सात वर्षं लागली. मी डॉक्टर, जवळच्या शहरात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. लोक चांगले वागायचे, हवापाण्याचं बोलायचे, पण यादी म्हणजे वेगळी गोष्ट. चर्चची व्यवस्था बघणारा वॉर्डन, जाडजूड, नेहमी त्याच हिरव्या जॅकेटमधला माणूस, एकदा दारात येऊन म्हणाला, "डॉक्टर, खडू धरता येतो ना? प्रिस्क्रिप्शनसारखं लिहू नका म्हणजे झालं." मी पुण्यात आईला फोन करून सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण माझा आवाज ऐकून तिलाही आनंद झाला.

काम सोपं होतं. भरती-ओहोटीचं छापील पुस्तक मिळायचं. त्यातल्या वेळा वर्षभर हिवाळ्याच्या घड्याळानं दिलेल्या असतात. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून तेव्हा प्रत्येक आकड्यात एक तास मिळवायचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागं जातात. त्या दिवसापासून काही मिळवायचं नाही. एवढंच.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी आमची पाळी होती. दिवाळीचा कार्यक्रम होता लंडनमध्ये, वेम्बलीला, आणि साडेआठला निघायचं होतं. बायको चकलीचा डबा कागदात गुंडाळत होती. "पाटी लिहून ये लवकर, तिथं गप्पा मारत बसू नकोस," ती म्हणाली. मी कुर्त्यावर कोट चढवून खाली गेलो. पुस्तकात होतं आठ दहा ते बारा दहा. मी लिहिलं नऊ दहा ते एक दहा. सात महिने प्रत्येक पाळीत एक तास मिळवत आलो होतो, हातानं आपसूक मिळवलं.

ते मला कळलं गाडीत. इथपर्यंत मी बायकोलाही सांगितलं आहे. यापुढचं या मार्चपर्यंत कुणालाच नाही.

मुलगी मागच्या सीटवर होती, बारा वर्षांची. म्हणाली, "बाबा, गाडीचा घड्याळ चुकीचा आहे. माझ्या फोनवर नाइन फॉर्टी आहे."

"आज घड्याळ मागं गेलं ना," बायको म्हणाली. "गाडीचं हातानं करावं लागतं. तुझ्या बाबांना आठवण करायला नको का कुणी."

पुढच्या सर्व्हिसेसवर, हायवेवरच्या थांब्यावर, मी गाडी थांबवली. टॉयलेटला जातो म्हणालो. कॉफीच्या रांगेशेजारी उभा राहून फोन काढला. वॉर्डनचा नंबर समोर होता. तो चर्चमध्येच असणार, पण दाराशी उभा असतो, फोन उचलतो. एक मिनिटाचं काम. मी काय बोलायचं ते मनात जुळवलंसुद्धा. मग वाटलं, हसेल. जाडजूड माणूस मागं वळून सगळ्यांना सांगेल, डॉक्टरला घड्याळ कळत नाही. सात वर्षांनी यादीत आलो आणि पहिल्याच शरद ऋतूत ही तऱ्हा. एवढ्या थंडीत कोण जातंय खडकावर, असं स्वतःला म्हटलं आणि फोन खिशात टाकला. मुलीसाठी मफिन घेतलं.

गेला तो आमच्या गल्लीतला म्हातारा. निवृत्त सिग्नलमन. रेल्वेचं घड्याळ खिशात ठेवायचा आणि माझी गाडी दिसली की ते वर करून दाखवायचा: आज चार मिनिटं उशीर. दर वर्षी नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस यायच्या आधी तो खडकावर जाऊन क्रूसाचा गंज तारेच्या ब्रशनं घासायचा. त्या दिवशी प्रार्थना आटोपून अकराला निघाला. त्याची बायको घरी रविवारचा स्वयंपाक करत होती. कॅफेतल्या लोकांना तो साडेबाराला परतताना दिसला, मग वाटेच्या मधल्या खोलगट भागात कमरेएवढ्या पाण्यात दिसला, मग दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सापडला.

आम्ही साडेचारला परतलो तेव्हा किनाऱ्यावर पोलिसांची गाडी होती, सगळे समुद्राकडे बघत होते. मी खाली गेलो आणि पाटी पुसली. कुणाला काही वाटलं नाही. पुसणं माझंच काम होतं.

अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनरच्या माणसानं विचारलं, पाटीवर वेळ लिहिली होती का? मी म्हणालो, "हो, नेहमीप्रमाणे." शब्दाला शब्द लावला तर ते खोटं नव्हतं.

पण माझं खरं पाप याच्याही पुढचं आहे. अंत्यविधीनंतर पॅरिश हॉलमध्ये सँडविचच्या टेबलाशी त्याची बायको माझ्याजवळ आली. म्हणाली, "आयुष्यभर ज्यानं एक गाडी चुकवली नाही, तो घड्याळ बघायला कसा विसरला? तुम्ही डॉक्टर आहात. त्याचं डोकं जायला लागलं होतं का?" मी कपातल्या चहाकडे बघत म्हणालो, "या वयात सुरुवात अशीच होते. घरच्यांच्या लक्षात येत नाही."

ते गावभर झालं. बिचारा, विसरायला लागला होता. नातवंडांनाही तेच सांगितलं गेलं. ती विधवांच्या त्या सहा घरांपैकी एकात राहायला गेली. दर दिवाळीला आम्ही तिला चकल्या नेऊन देतो. मी दारातूनच परत येतो.

या मार्चमध्ये तिनं मला आत बोलावलं. टेबलावर वही होती. गॅस बंद केला, गोळी घेतली, दार लावलं, सगळ्यापुढे वेळ घातलेली.

"डॉक्टर, बसा," ती म्हणाली. "माझं सुरू झालं की मला स्पष्ट सांगा. त्याचं मला दिसलं नाही. त्याच घरात राहून दिसलं नाही. ते मला झोपू देत नाही."

मी म्हणालो, "त्याला काही झालं नव्हतं."

मग सगळं सांगितलं. पाटी, गाडीतलं घड्याळ, सर्व्हिसेस, फोन, पुसणं, सँडविचच्या टेबलाशी बोललो ते. मध्ये ती एकदाच बोलली. "किती लिहिलं होतंत?"

"एक दहा."

तिनं बोटांवर मोजलं. "म्हणजे तुमच्या पाटीप्रमाणे तो चाळीस मिनिटं आधीच निघाला होता."

"हो."

"म्हणजे तो वेळेत होता." हे ती माझ्याशी बोलत नव्हती. बराच वेळ वहीवरून हात फिरवत राहिली. मी माफ करा म्हणायला तोंड उघडलं, तिनं मान हलवली.

"ते नंतर. किंवा नाहीच. नातवंडांना काय सांगितलंय मी, माहीत आहे तुम्हाला? त्याचं घड्याळ मी थोरल्याला दिलं नाही. म्हटलं, ज्याला वेळ कळेनाशी झाली त्याचं घड्याळ कशाला." ती उठली, खुंटीवरचा कोट घेऊन अंगात घालू लागली. एक बाही सापडत नव्हती. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, "तिथंच बसा. फोन आहे ना तुमच्याकडे? वॉर्डनचा तोच नंबर आहे अजून. लावा."

"आत्ता?"

"माझ्यासमोर. मग आपण दोघं चर्चमध्ये जाऊ आणि तिथं असतील त्यांनाही तुम्ही सांगाल."

मी नंबर लावला. पहिल्याच रिंगला वॉर्डननं उचलला. "बोला डॉक्टर, या आठवड्यात पाटी तुमचीच, विसरला नाहीत ना?" तो हसला. ती कोटाची बटणं लावत माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, सहा वर्षांपूर्वी, घड्याळं मागं गेली त्या रविवारी, सकाळी मी तुम्हाला एक फोन करायला हवा होता.