घड्याळकाकांचा डावा डोळा

घड्याळकाका कुणालाही वेळ सांगत नसत. शनिवार पेठेतल्या त्यांच्या कपाटाएवढ्या दुकानासमोर थांबून कुणी "काका, किती वाजले?" असं विचारलं, की मान वर न करता ते म्हणत, "भिंतीवर चाळीस घड्याळं आहेत. आवडेल ती वेळ घ्या." माणूस चिडून निघून जायचा. पण घरातलं चावीचं घड्याळ बिघडलं की तोच माणूस मुकाट परत यायचा, कारण या कामात त्यांच्या तोडीचं आसपास कुणी उरलं नव्हतं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कॉलेजात होतो. वडिलांचं घड्याळ बंद पडलं होतं.

"चावी दिली होतीस?" काकांनी विचारलं.

"रोज द्यावी लागते?"

त्यांनी डोळ्याचं भिंग काढून माझ्याकडे नीट पाहिलं. मग चार वेळा चावी फिरवली. घड्याळ चालू. "आजारी नव्हतं," ते म्हणाले, "उपाशी होतं. न्या."

त्यानंतर मी उगाचच तिथे जाऊन बसू लागलो. त्यांनी कधी कुठल्या घड्याळाची किंमत विचारली नाही. "ते दुकानदाराला ठाऊक. माझ्याकडे फक्त तब्येत सांगायची," असं म्हणायचे. चावीला कुणी "बटण" म्हणालं, तर त्याला रस्त्यातही थांबवून शब्द दुरुस्त करायचे. खूश असले की मला अरे-तुरे करायचे आणि बिनसलं की थेट "आपण" वर यायचे. "आपण जरा उजेड सोडून बसता का?" हे वाक्य ऐकलं, की मी चपला शोधायला लागायचो.

पुढे मी हिंजवडीत नोकरीला लागलो, पोट सुटलं, आणि पोट सुटलेल्या माणसाला जे सुचतं ते मलाही सुचलं : मी स्पोर्ट्स वॉच घेतलं. साधंसुधं नाही. टायटॅनियम आणि कार्बनचं, विमानात वापरतात तसल्या मालाचं, आणि तरीही आत बॅटरी नाही, सगळा कारभार चावीवर. वजन एका घडीच्या पोळीएवढं. ते घालून मी पळायला जाणार होतो. प्रत्यक्षात लिफ्टपर्यंत जायचो. ऑफिसात मात्र बाही आपोआप वर सरकायची.

तीन आठवड्यांत ते बंद पडलं. मी घाबरून संध्याकाळी शनिवार पेठ गाठली. काकांनी घड्याळ तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "नुसती डबी आणलीस का रे? आतलं घरी राहिलं?" मग त्यांनी बोटांनी चावी चाचपली, फिरवली. घड्याळ चालू.

"उपाशी होतं" हे या वेळी त्यांनी म्हटलं नाही. इतकी दया त्यांनी मला पूर्वी कधी दाखवली नव्हती.

मग त्यांनी ते उलटं केलं. पाठीला काच होती, आतलं सगळं यंत्र दिसत होतं. भिंग लावून ते बराच वेळ वाकून बसले आणि मग मागे रेलले. "दिसत नाही रे. उजवा डोळा गेलाच आहे. डाव्याचं डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत धरून चाला. सकाळी दहाच्या सुमाराला इथे टेबलावर सरळ ऊन येतं, तेवढ्या वेळात मला बारीक दिसतं. आजची रात्र ठेवून जा. उघडणार नाही. काचेतूनच बघेन. असलं यंत्र आयुष्यात हाताखाली आलं नाही, आणि आता यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे परदेशातले साहेब येणार होते. मला बाही सरकवायची होती. हे सांगायची लाज वाटली, म्हणून मी म्हणालो, "काका, ते वॉरंटीचं जरा... दुसऱ्यानं हाताळलेलं चालत नाही."

ज्या माणसानं वडिलांचं घड्याळ वीस वर्षं जिवंत ठेवलं, त्याला मी "दुसऱ्यानं" म्हणालो.

काकांनी घड्याळ मऊ फडक्यानं पुसून माझ्यापुढे ठेवलं. "बरोबर आहे. आपण घेऊन जावं."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर काहीच नव्हतं.

एखाद्या सकाळी जाऊ, असं मी प्रत्येक रविवारी ठरवत होतो. सकाळी दहाला रविवारी मी झोपलेला असतो. गणपती झाले, दसरा झाला. दिवाळी उलटल्यावर एका सकाळी गेलो तेव्हा दुकानाला कुलूप होतं. मागच्या गल्लीत त्यांच्या घरी काकूंनी दार उघडलं. "आता उजेड-अंधार तेवढा कळतो," त्या हळूच म्हणाल्या. आत काका खिडकीशी बसले होते.

"कोण? तू होय! ये."

मी घड्याळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कडेकडेनं चाचपलं, पाठीवरची काच अंगठ्यानं ओळखली आणि मला परत दिलं. "टेबलावर भिंग आहे. लाव डोळ्याला. आणि आत काय आहे ते सांग."

मी खिडकीशी वाकलो. इतके महिने घड्याळ माझ्याकडे होतं, पण आत मी आज पहिल्यांदा बघत होतो. "एक चाक आहे... गरगर... म्हणजे पुढेमागे फिरतंय."

"बॅलन्स. त्याच्यावरचा पूल कसा आहे? कोरून काढलाय?"

पूल कशाला म्हणतात, मला माहीत नव्हतं. "हो," मी म्हणालो, "कोरलाय. फार सुंदर."

"आणि खडे?"

"लाल आहेत. पुष्कळ."

"अजून सांग."

मी सांगत गेलो. जे दिसलं ते, आणि बरंचसं न दिसलेलंही. नसलेल्या नक्षी सांगितल्या, नसलेले स्क्रू सांगितले, चाकांना वाटेल ती नावं दिली. काका डोळे मिटून, मान डोलवत ऐकत होते. चुकीचा शब्द कानावर पडला की भर रस्त्यात माणसाला अडवणारा तो माणूस. त्या सकाळी त्यांनी माझं एकही वाक्य दुरुस्त केलं नाही.