आपोआप गेलेला पतंग

अक्कांचं ‘न्हाई’ एकदा ऐकलेलं माणूस दुसऱ्यांदा विचारायच्या फंदात पडत नसे. मी पडलो आणि चांगला तोंडावर आपटलो. कुंडलजवळच्या मळ्यात राहणाऱ्या, सातवी शिकलेल्या, नवऱ्यामागं द्राक्षबाग एकहाती सांभाळणाऱ्या या जैन बाईंना सगळा गाव अक्काच म्हणे. मी सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. माझ्याकडे पदवी होती, अक्कांकडे माळ होता.

त्या माळावर हेकळीची काटेरी झुडपं आहेत. विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथं गेलो असताना अक्कांनी एक पान माझ्या नाकासमोर धरलं. कुणी पांढऱ्या खडूनं रेघोट्या माराव्यात, तशी पानाच्या दोन पापुद्र्यांमधून अळीची वाट गेली होती. या अळीचा पुढं तांदळाच्या कणीएवढा पतंग होतो. तसला पतंग फार पूर्वी कुठंतरी लांब एकदाच नोंदला गेला होता, आपल्या भागात कधीच नाही. मी हे सांगितल्यावर अक्का चिडल्याच.

“माज्या माळावर ऱ्हातंय, आन् कागदावर त्याला जागा न्हाई म्हंजे काय? नोंद झाली पायजे.”

पतंग धरायची आमची रीत सोपी. अंधार पडला की पांढरा पडदा बांधायचा, दिवा लावायचा, येतील ते गोळा करायचे. “न्हाई,” अक्का म्हणाल्या. “दिव्यावर जीव पडत्यात म्हणून माजी आई दिस बुडायच्या आत चूल इझवायची. आन् मी दिवा लावून त्यास्नी बोलवू व्हय?”

मग त्यांनी स्वतःचीच रीत काढली. जुन्या मलमलीच्या पिशव्या शिवून त्या अळी लागलेल्या फांद्यांना बांधायच्या. पतंग बाहेर पडला की वहीत तिथी टिपायची आणि तो आपल्या मरणानं मरेपर्यंत वाट बघायची. मेला की होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत. “गोळ्या तुमी खावा, बाटली मला द्या,” असं त्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत. अक्काला किडं लागलं म्हणून गावानं टिंगल केली. मीही एकदा खोचकपणे विचारलं, पिशवीत कोंडणं हे पाप नाही का? “हाय की. त्येवढं माज्या नावावर लिवा. जीव घेतलेला लिवू नका.”

ओळख पटवणाऱ्या तज्ज्ञांनी मात्र दोनदा नमुने परत पाठवले. पतंग म्हातारा होऊन मेला की पंखांवरचे खवले झडलेले असतात, नक्षी दिसत नाही. ताजा मारून पाठवा, असं त्यांचं म्हणणं. अक्कांनी दोन्ही पत्रं वाचली, घडी करून डब्यात ठेवली आणि पिशव्या पुन्हा बांधायला घेतल्या.

मग मी शहाणपणा केला. एका सकाळी पिशवीतला ताजा पतंग गुपचूप उचलला, कॉलेजच्या फ्रीझरमध्ये ठेवून मारला आणि पाठवून दिला. नोंद मंजूर झाली. मी पेढे घेऊन मळ्यात गेलो.

अक्कांनी पेढ्याला हात लावला नाही. “किती दिस जगला त्यो?” त्यांनी विचारलं. त्यांनी वही काढली. “पंचमीला तीन निगालं. मेल्यालं दोनच घावलं. मला वाटलं, फडकं फाटलं आसंल.” मग एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. “आवं मास्तर, लिवा. नोंद मागं घ्या.”

मी नाना परीनं समजावलं. नमुना पुन्हा मान्य होईलच असं नाही, तुमचं नाव लागलंय, एवढ्याशा पतंगासाठी कशाला?

“एवढुसा हाय म्हणूनच मारलासा,” त्या म्हणाल्या. “लिवा.”

मी लिहिलं. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. रागही आला होता, खोटं कशाला सांगू.

पुढच्या हंगामात अक्कांनी पिशव्यांवर काळं फडकं चढवलं. उजेडाकडे धडका मारून पतंगाचे खवले झडतात, अंधारात तो गप बसून राहतो, हे त्यांनी बघून बघून ताडलं होतं. पदवी असून मला ते सुचलं नव्हतं. चौथ्या दिवशी एक पतंग पंख मिटून बसल्या जागी गेला. पंखांवरची रुपेरी पट्टी शाबूत होती. तज्ज्ञांनी तो ओळखला, नोंद झाली. या वेळी अक्कांनी दोन पेढे खाल्ले. “बगा, न मारता वळख पटली का न्हाई?”

नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर ठिकाण, झाड, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहितात. अक्कांनी त्याखाली स्वतःच्या हातानं एक ओळ जास्तीची घातली होती: ‘आपोआप गेला.’

गेल्या थंडीत अक्का गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, आणि बहुतेक वेळा भांडायलाच येते. माझ्या फ्रीझरमध्ये आता फक्त बर्फ असतो. अक्कांच्या पिशव्या मी विद्यार्थ्यांकडून माळावर बांधून घेतो. वेळ लागतो म्हणून पोरं कुरकुरतात.

परवा तो पतंग ठेवलेल्या संग्रहालयातून फोन आला. सगळ्या चिठ्ठ्या एकसारख्या छापून घेतोय, ती शेवटची ओळ गाळली तर चालेल ना? बाई तर आता नाहीत, हरकत कोण घेणार?

“न्हाई,” मी म्हणालो.

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.