खुंट्या लावायची परीक्षा

"मंद," साहेब म्हणाले. लिहून घेणारा कारकून दाराशी बसायचा, म्हणून मोठ्यानं म्हणाले. बाहेर व्हरांड्यात आमच्या तळवड्याच्या बायका आपल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या. माझी धाकटी जाऊ उठली, पदर सारखा केला आणि त्या सगळ्यांच्या समोरून निघाली. आम्ही घरी पोचायच्या आधी तो शब्द घरी पोचला होता.

पिंपरीला तेव्हा कारखाने उभे राहायला लागले होते. बाटल्या भरायच्या एका लहान कंपनीला बायका हव्या होत्या. त्या निवडायला पुण्याहून मानसशास्त्राचे एक साहेब येत. भोकं पाडलेली एक फळी आणि लाकडी खुंट्यांचा ढीग पुढ्यात ठेवायचे. घड्याळ लावलं की खुंट्या भोकांत बसवायच्या. वेळ वाचावा म्हणून एका टेबलाशी दोघींना बसवत. आम्हा दोघी जावांना शेजारी शेजारी बसवलं.

मी थोरली. कांद्याची रोपं लावताना धाकटीनं थोरलीच्या पुढं ओळ काढायची नाही, हा आमच्या घरचा दंडक. काढली तर सासू सगळ्या बायकांत विचारायची, "लई घाई झाली व्हय गं मोठं व्हायची?" जावेचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चपळ. पण मी एक रोप लावल्यावर ती एक लावायची. खुंट्यांनाही तिनं तेच केलं. माझा हात मुळात जड. मी काठावर पास झाले, ती माझ्याही मागं राहिली.

मी साहेबांना सांगितलं, ती माझ्यासाठी थांबली, तिला एकटीला बसवून बघा.

"पुन्हा पुन्हा घेतली तर ती परीक्षा कसली, बाई? तुम्ही पास झालात ना?" एवढं बोलून त्यांनी पुढच्या दोघींना आत बोलावलं.

जावेला मूल नव्हतं, त्यामुळं सासूला निमित्त हवंच होतं. आता शिकलेल्या माणसानं तपासून सांगितलं होतं. डोक्यानं कमी पोरगी आमच्या गळ्यात बांधली, असं ती गावभर सांगत सुटली. दंडक तिनंच घातलेला, तिला तरी कळेल म्हणून मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुला नोकरी लागली ना, तू नोकरी कर. दीर बैलांना पाणी पाजायच्या निमित्तानं उठून गेला.

सांगवीहून जावेचा भाऊ तिला न्यायला आला. बोचकं बांधता बांधता तिनं मला विचारलं, "आक्का, मी फुडं गेले असते तर तुमी नापास झाला असता काय?"

"न्हाई."

"मग जायला पायजे व्हतं."

दिरानं वर्षाच्या आत दुसरी केली.

बाटल्यांवर माझा हात चालेना, तेव्हा कंपनीनं मला त्याच परीक्षेच्या खोलीत लावलं. फळ्या मांडायच्या, बायकांना आत सोडायचं. सासू-सून किंवा जावा-जावा आल्या की मी त्यांना वेगवेगळ्या पाळीत घालत असे. साहेबांनी कधी का म्हणून विचारलं नाही.

परवा एक मुलगी रेकॉर्डर घेऊन आली. मानसशास्त्रात काम केलेल्या जुन्या माणसांच्या आठवणी ती गोळा करते. साहेब राहिले नाहीत, म्हणून माझ्याकडं. सरांची एखादी चांगली आठवण सांगा, म्हणाली. मी हे सांगितलं. मधेच तिनं मशीन बंद केलं. सरांच्या घरच्यांना वाईट वाटेल, म्हणाली.

"वाटू दे. लाव परत."

तिनं लावलं. शेवटी हळूच विचारलं, जाऊबाई कधी गेल्या?

ती गेलेली नाही. साहेब गेले, सासू गेली, दीर गेला, त्याची दुसरी बायकोही गेली. जाऊ सांगवीत भाच्याकडं आहे, आणि मी इथं आहे.