पहिला भाव कोणी सांगायचा?

'करिअरकडे धंद्यासारखं बघा' म्हणणाऱ्यांनो, आता पुरे!

मी प्रोग्रामर. आज शहाद्यात एका केळी व्यापाऱ्याकडे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं काम मागायला गेलो. साठच्या दशकात सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे विकणाऱ्या आजोबांचा धडा पाठ होता: पहिला भाव आपण सांगायचा नाही.

व्यापारीही सारंगखेड्याचाच निघाला. तोही सांगेना! चहावर चहा झाले, भाव काही निघेना. संध्याकाळी कळलं, काम नाशिकच्या एकाला गेलं. त्याने फोनवरच रक्कम सांगितली म्हणे.

घरी येऊन आजोबांवरच चिडलो. ते म्हणाले, "आरे भाऊ, मी चूप बसू, पण मन्हा घोडा समोर उभा ऱ्हाये. तुन्हा घोडा कोठे व्हता?"

सॉफ्टवेअरचा तयार नमुना लॅपटॉपमध्ये होता, आणि लॅपटॉप दिवसभर बॅगेत.

तुमचा घोडा कुठे असतो?