साफीसाठी थालीपीठ

डब्यातला आंबूस वासाचा पांढरा गोळा मी समुद्रात फेकला आणि वर डबा विसळूनही ठेवला. न सांगता मदत करायची खोड मला लहानपणापासून आहे. उबेदभाई खडकांवरून उड्या मारत आले.

"साहेब, आतलं कुठं गेलं?"

"नासलं होतं. टाकलं."

"मीच नासवलं होतं! दोन दिवस झाकून! माशांचा चारा होता तो!"

उबेदभाई आमच्या कंपनीच्या सनद भागातल्या गोदामात स्टोअरकीपर. बहरीनमध्ये एकोणीस वर्षं झाली. दर शुक्रवारी गळ घेऊन बुदैयाच्या किनाऱ्यावर यायचं, हा त्यांचा नेम. गावी सुरैयावहिनींना त्या त्या आठवड्याच्या माशाची लांबीरुंदी फोनवर कळायची. आता व्हिजिट व्हिसावर वहिनी पहिल्यांदाच येत होत्या, आजच संध्याकाळी सहाच्या विमानानं. बुसैतीनला महिनाभरासाठी फ्लॅट घेऊन झाला, पडदे लावून झाले, राहिला होता फक्त मासा.

"बाजारातून घ्या की," मी म्हणालो. आम्हा पुण्याच्या शाकाहाऱ्यांना मासा म्हणजे मासा.

"जयगडच्या तांडेलाची मुलगी ती. कल्ले उघडून सांगेल, हा बर्फातला. मग माझं एकोणीस वर्षांचं सगळंच बर्फातलं."

शमाल सुटला होता. हा उत्तरेचा वारा त्या दिवशी थंडी, धूळ आणि खारं पाणी एकत्र कालवून तोंडावर मारत होता. एकही होडी बाहेर पडली नव्हती. रस्त्यावर एका बहरीनी म्हाताऱ्यानं गाडी थांबवली, काच खाली केली, "मफी समक! मच्छी नहीं! यल्ला, घर जाव!" असं हिंदीत बजावलं, आणि स्वतः मात्र बघत थांबला.

"तुमच्या डब्यात काय आहे?" उबेदभाईंनी विचारलं.

"थालीपीठ. निवेदितानं दिलंय."

"द्या इकडं. इथली साफी मासळी शेवाळ खाते, पीठ खाते. तुमच्याच पंगतीतली."

"कांदा काढू?"

"राहू द्या. वहिनींच्या हातची चव कळू दे तिला."

बायकोचं खमंग थालीपीठ मी माझ्या हातांनी मळून गोळ्या केल्या. तिकडे उबेदभाई फोनवर व्हिडिओ बघत गळाची गाठ मारत होते. तीनदा सुटली. एकोणीस वर्षांच्या मुरलेल्या माणसाला गाठीचा व्हिडिओ कशाला लागतो, हे विचारायला जीभ शिवशिवत होती. पण चारा मी फेकलेला, बोलतो कुठल्या तोंडानं? दुपारी नमाजाला जाताना दोरी माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "धरून बसा. मदत करू नका."

साडेतीनला दोरी ताणली. नमाजाहून परतलेल्या उबेदभाईंनी ती ओढली, आणि वीतभर साफी खडकावर तडफडू लागली. त्यांनी आनंदानं तिला उघड्या मुठीत पकडलं आणि "या अल्ला!" म्हणून असे किंचाळले की मी घसरलो. साफीच्या पाठीवर विषारी काटे असतात म्हणे. म्हातारा गाडीतून उतरला, फडक्यात मासा धरून त्यानं गळ सोडवला, आणि उबेदभाईंच्या सुजत्या बोटांकडे पाहून विचारलं, "पहिलाच मासा?"

उबेदभाईंनी मान डोलावली.

मी खडकावरच बसलो. "मग उबेदभाई, एकोणीस वर्षं दर शुक्रवारी इथं येऊन करत काय होता?"

"रूमवर पाच जण कान देऊन बसतात, बायकोशी बोलू कुठं?"