मागचा आरशात दिसला पाहिजे

फिरून आलं की लोकांकडे फोटो जमतात. आमच्याकडे किस्से जमतात, आणि गुडघेदुखी. फोटो मोबाईल बदलला की जातात, गुडघे मलम लावलं की दोन दिवस गप्प बसतात, किस्से मात्र कुठे जात नाहीत. माझ्या दुकानातल्या जुन्या फ्रेमांसारखे पडून राहतात. कुणी घेत नाही आणि मला टाकवत नाही.

माझं अंबाजोगाईत चष्म्याचं दुकान आहे, वय पन्नाशीच्या पुढे. महिन्यातून एका रविवारी आम्ही पाच जण मोटरसायकली काढून कुठेतरी जाऊन येतो. का जाता, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी अर्धा तास बोलायचो. आता ‘सवय’ एवढंच सांगतो. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘उद्या पहाटे सहा’ असं आहे, आणि आजवर पहाटे सहाला एकच माणूस हजर झालेला आहे. ते म्हणजे भगवान अण्णा.

अण्णा एसटीतले रिटायर ड्रायव्हर. बत्तीस वर्षं बस चालवली आणि घरी बसवेना म्हणून जुनी बुलेट घेतली. त्यांचा एकच नियम होता आणि तोच आमच्या ग्रुपची घटना. फाटा आला की थांबायचं, मागचा आरशात दिसल्याशिवाय वळायचं नाही. सगळ्यांच्या मागे अण्णा स्वतः. सगळे नजरेत आले की ते दोनदा हॉर्न द्यायचे. एसटीत कंडक्टर दोरी ओढून दोनदा घंटी वाजवतो आणि गाडी निघते, अगदी तसं. तो डबल हॉर्न आला की आम्ही हलायचो.

*

नियम चांगलाच आहे. पण तो पाळणारे आमच्यासारखे असले की काय होतं, ते धारूरच्या घाटात कळलं.

सगळ्यात पुढे संतोष. हा परळीचा, ट्रेडिंगचं काम करतो, महागडी गाडी आणि हेल्मेटवर कॅमेरा. त्याच्यामागे वैशाली मॅडम, मग मी, मग मुजीब मेकॅनिक, शेवटी अण्णा. वाटेतल्या एका गावात अण्णांना त्यांचा जुना कंडक्टर भेटला आणि दोघे चहाला बसले. इकडे मुजीब एका फाट्यावर अण्णांची वाट बघत थांबला. पुढच्या फाट्यावर मी मुजीबची वाट बघत थांबलो. त्याच्या पुढच्यावर मॅडम, त्याच्याही पुढे संतोष. मोबाईलला रेंज नाही. तासभर चार फाट्यांवर चार माणसं उभी, हेल्मेट घालून, पाठीमागे बघत.

समोरून एक बाबा जुन्या मोपेडवर कडब्याची पेंढी बांधून येत होते. माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "सायब, ह्यो रोड रुंद व्हनार हाय का?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

"न्हाई, परतेक फाट्यावर तुमचा येक मानूस उभाय म्हनून इचारलं. आमची किती जाती जमीन?"

मी त्यांना हरतऱ्हेने समजावलं. त्यांचा विश्वास बसला नाही. पुढे जाऊन त्यांनी गावात काय सांगितलं कोण जाणे, पण अण्णा चहा संपवून निवांत मुजीबच्या फाट्यावर पोचले तेव्हा तिथे सरपंच सातबारा घेऊन उभे होते आणि मुजीब तो मन लावून वाचत होता.

"इकडनं जाईल रोड," मुजीब त्यांना सांगत होता, "बांधाच्या कडंनं. घर वाचतंय तुमचं. बेफिकीर ऱ्हावा."

सरपंच गेल्यावर अण्णांनी विचारलं, "कावून असं बोललास बे?"

"अण्णा, मानूस लई घाबरला होता. चहा पन पाजला त्यानं. काय तरी द्यायला नगं का?"

*

वैशाली मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. नवऱ्याला गाडीचं माहीत होतं, सासऱ्यांना नव्हतं. शेतीवाडीतले, जुन्या वळणाचे गृहस्थ. सून एवढी मोठी गाडी चालवते हे त्यांना कसं सांगायचं? म्हणून दर महिन्याच्या त्या रविवारी मॅडमचं प्रशिक्षण असायचं. शिक्षकांच्या मागे प्रशिक्षणांचा इतका ससेमिरा असतो की कुणाला संशय येण्याचं कारणच नाही.

एका रविवारी आम्ही परळीला वैजनाथाच्या पायऱ्यांपाशी गाड्या लावत होतो. समोरून सासरे उतरले. शेजाऱ्यांच्या जीपमधून दर्शनाला आले होते. त्यांनी सुनेच्या हातातलं हेल्मेट बघितलं, जॅकेट बघितलं, गाडी बघितली. मग आम्हा चौघांवरून नजर फिरवून अण्णांपाशी थांबवली.

"हे प्रशिक्षक का?"

अण्णांनी टोपी काढून नमस्कार केला. "न्हाई जी. आमी पन शिकाऊच हावोत."

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. मी नजर चुकवून उगाच टायरमधली हवा बघत बसलो. सासरे धोतर सावरत म्हणाले, "मग मला घरापत्तोर सोड. जीपमधी लई दाटी हाय."

घरापर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते, असं मॅडम सांगतात. पुढच्या महिन्यात शनिवारी संध्याकाळी त्यांनी आपणहून विचारलं, "उद्या प्रशिक्षण न्हाई का? मला केजला काम होतं."

*

आष्टीच्या अलीकडे एका धाब्यावर पुण्याच्या रायडर्सना भेटायचं संतोषने ठरवलं होतं. तिथपर्यंत जाईस्तोवर माझी कंबर कामातून गेली होती. ते लोक ताजेतवाने. गुडघ्याला कवच, कोपराला कवच, पाठीला कवच. आमच्यात कवच म्हणजे मुजीबने कमरेला आवळलेला पट्टा. नाव सांगायच्या आधी तो त्यांच्यातल्या एकाच्या गाडीखाली वाकला आणि म्हणाला, "भाई, चेन ढिली हाय तुमची."

पोरं चांगली होती. त्यांचा म्होरक्या अण्णांशेजारी बसला. त्याने आदराने विचारलं, "काका, सोलो राइड केलीये कधी?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "एकट्याने."

"केली की, येकदाच." अण्णा भाकरी कुस्करत होते. "रिकामी बस आष्टीला न्हेऊन लावायची होती. परवासी न्हाई, कंडक्टर पन न्हाई. बीडपासनं येकलाच गेलतो."

"मग? कसं वाटलं?"

"लई बेकार. सारखं आरशात बघत होतो. माघं कुनीच न्हाई."

निघताना त्या पोराने अण्णांबरोबर सेल्फी घेतला, तेवढंच.

*

आता जो किस्सा सांगतो तो मी लोकांना अर्धाच सांगत आलोय.

पुढे एका रविवारी परळीहून परतताना बाजूच्या रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या लावलेला. अण्णांनी ब्रेक लावलाच नाही. ट्रॅक्टरवाल्याने लावला म्हणून निभावलं. पुढच्या फाट्यावर आम्ही सगळे थांबलो तर अण्णा हॉर्न देईनात. म्हणाले, "मॅडम कुठं ऱ्हायल्या?"

मॅडम त्यांच्या डाव्या अंगाला, दोन हात अंतरावर उभ्या होत्या. मुजीब आधी हसला. मग हसायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना दुकानात बोलावून तक्त्यासमोर बसवलं. त्यांनी मोठ्या अक्षरापासून बारक्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं आणि विचारलं, "आता खालनं वर म्हनू का? बत्तीस वर्सं दर तपासनीला ह्योच हाय."

इथपर्यंत सांगितलं की लोक पोट धरून हसतात, आणि मी गिऱ्हाइकाकडे वळतो.

त्या दिवशी मी तक्ता बंद केला. म्हटलं, माझ्या नाकाकडे बघा. माझा हात त्यांच्या कानाच्या रेषेत धरला, थोडा पुढे आणला आणि विचारलं, "बोटं किती?"

"आदी हात तर दाखव," अण्णा म्हणाले.

हात तिथेच होता.

लातूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतंय, बाजूचं गेलंय, आणि गेलेलं परत येत नाही. औषधाने आहे ते टिकेल. गाडी बंद. हे अण्णांना पटवायचं काम माझ्यावर आलं. चष्मेवाला ना मी!

"समोरचं दिसतंय," ते म्हणाले. "आरशातलं पन दिसतंय."

"त्या दोन्हींच्या मधलं दिसत नाही अण्णा. कुणाचं लेकरू आडवं आलं तर?"

त्यांनी खिशातून चावी काढली. मी म्हटलं, माझ्या गाडीवर मागे बसत जा.

"माघं बसनं आन माघं ऱ्हानं येक न्हाई," अण्णा म्हणाले. "तुमच्या माघं कोन ऱ्हानार आता?"

त्यांनी बुलेटची चावी काउंटरवर ठेवली आणि चालत घरी गेले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आणि तसं वाटल्याची लाज अजून गेलेली नाही.

*

त्यानंतर आम्ही पाळीपाळीने मागे राहायचं ठरवलं. पहिल्या रविवारी संतोष मागे होता. अर्ध्या तासात तो सवयीने आम्हा सगळ्यांना ओलांडून पुढे निघून गेला आणि शेवटचा कोण, हे ठरवण्यात आमची दुपार गेली. पुढच्या महिन्यात मी मागे राहिलो. फाट्यावर दोनदा हॉर्न दिला तर कुणी हलेना. मॅडम मागे वळून म्हणाल्या, "सर, काही अडचण आहे का?"

तिसऱ्या महिन्यात ग्रुपवर सगळ्यांची कामं निघाली. मुजीबच्या गॅरेजात गाड्या साचलेल्या, मॅडमचं प्रशिक्षण, यावेळी खरोखरचं. मला कुणाचा राग आला नाही. उलट रविवारी आठपर्यंत झोपलो आणि बरं वाटलं. मग मीच लिहिलं, एकदा शेवटचं धारूरला जाऊन येऊ आणि ग्रुप बंद करू. तीन अंगठे आले. अण्णा ग्रुपवर होतेच. त्यांनी फक्त विचारलं, "किती वाजता निघताव?"

मी लिहिलं, "आठ." त्यांचा प्रश्न वाचून मला वाईट वाटलं, पण काय करणार?

आठला चौघंही आले. वाटेत कुणी ओव्हरटेक केलं नाही, कुणी फोटोला थांबलं नाही. केज सोडून धारूरकडे वळणाऱ्या फाट्यावर संतोष थांबला. त्याच्यामागे मॅडम, मग मी, मग मुजीब. चौघं एका जागी. सगळे आले होते, मागे राहिलं असं कुणी नव्हतं, तरी कुणी वळेना.

"निघायचं?" संतोष म्हणाला.

मुजीब रुमालाने आरसा पुसत बसला. पाच मिनिटं झाली असतील, दहा झाली असतील. मॅडम घड्याळ बघून म्हणाल्या, "आपण नेमके कशासाठी थांबलोय?" पण गाडी त्यांनीही चालू केली नाही.

मुजीबच्या पुसलेल्या आरशात लाल एसटी दिसली, धारूरची. आम्ही कडेला सरकून तिला वाट दिली. ती गेली नाही. वेग कमी करत आमच्या मागे येऊन उभी राहिली. तिथे स्टॉप नाही, शेड नाही, उतरणारं कुणी नाही.

शेवटच्या सीटवरचा माणूस उठून दारात आला. डोक्यावर हेल्मेट. दांडा धरून त्याने अख्खी मान उजवीकडून डावीकडे फिरवली आणि एकेकावर बोट रोखलं.

"येक. दोन. तीन." मग मान अजून थोडी वळवली. "च्यार."

आतून कुणीतरी ओरडलं, "कावून थांबली गाडी? हितं कुठं स्टॉप हाय?"

"दम धर की," ड्रायव्हर म्हणाला. "अण्णांची मोजनी चालू हाय."

कंडक्टर दोरीखालून बाजूला झाला. अण्णांनी चाचपत हात वर नेला, दोरी धरली आणि ओढली. घंटी दोनदा वाजली.

बस हलली नाही. आम्ही हललो.